रक्त थांबवायला मला ज्याने शिकवलं

सैन्यात अधिकारी होतो, आता यावलजवळ केळीची बाग बघतो. परवा घड कापताना मजुराच्या मांडीत कोयता बसला. लोक हळद आणायला धावले. हळद, चहापत्ती, तंबाखू, काहीही भरू नका. स्वच्छ कापड ठेवा, तळहाताने सगळं वजन टाकून दाबा, आणि 108 ला फोन दुसऱ्याला करायला सांगा. भिजलं तर वरून दुसरं कापड. पहिलं उचलून बघायचा मोह आवरा.

हे मला पलटणीच्या नर्सिंग असिस्टंटने शिकवलं. जवान त्याला ‘डॉक्टरसाब’ म्हणत. गोळ्या चालू असताना त्याने आधी एका जवानाचा पाय बांधला, मग स्वतःचा. मी पोचलो तेव्हा मनगटावर बॉलपेनने वेळ लिहीत होता, 4:10. म्हणाला, “साहेब, आधी त्याला न्या.”

दाबूनही हातापायाचं रक्त उसळत असेल तरच आवळपट्टी, म्हणजे रक्त अडवायला घट्ट पिळलेली पट्टी (टूर्निके). जखमेच्या वर, धडाच्या बाजूला दोन-तीन इंच, गुडघ्या-कोपरावर नाही. सुतळी किंवा वायर मांसात रुतते. उपरण्याची दीड-दोन इंच रुंद घडी घ्या, गाठीत काठी अडकवा आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस ओरडेल. तरी पिळा. मग काठी बांधा, पट्टी आवळल्याची वेळ लिहा, दवाखान्यापर्यंत सोडू नका.

डॉक्टरसाब आता काठी टेकत चालतो. मजूर वाचल्याचं फोनवर सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, “वेळ लिहिली होती ना, साहेब?”