मोटर न्यूरॉन आजारात स्नायू वाळतात तेव्हा: उरलेली ताकद कशी वापरायची

हात वाळायला लागला की घरात पहिला सल्ला व्यायामाचा मिळतो. कोणी स्प्रिंगचा ग्रिपर आणतं, कोणी डंबेल्स, कोणी प्रोटीनचा डबा. हेतू चांगला असतो, पण हा आजार आधी समजून घ्यायला हवा. इथे स्नायू बसून राहिल्यामुळे वाळत नाही. त्याला हुकूम देणारी मज्जारज्जूतली पेशी मरते, म्हणून तो वाळतो. शेजारच्या जिवंत पेशी त्या पोरक्या तंतूंचा काही भार उचलतात आणि आधीच ताणाखाली असतात. त्यांच्याकडून आणखी काम करून घेतलं तर हात भरत नाही, थकतो.

म्हणून व्यायाम सोडायचा नाही, त्याचं माप बदलायचं. जो अवयव स्वतःहून उचलता येतो, तो बिनवजनाने, सावकाश ८-१० वेळा हलवा. जो उचलताच येत नाही, तो घरातल्या माणसाने हलवायचा. दिवसातून दोनदा पुरे. थकवा अर्ध्या तासात ओसरला नाही, किंवा दुसऱ्या दिवशी दात घासणं, भात कालवणं जड गेलं, तर आदला व्यायाम जास्त झाला, असं समजा आणि तो निम्म्यावर आणा. कातडीखाली मांस फडफडताना दिसलं की अनेकांना धास्ती वाटते. नुसत्या फडफडण्यासाठी व्यायाम थांबवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो खांदा. भोवतालचे स्नायू वाळले की दंडाचं हाड नुसत्या वजनानेच खोबणीतून खाली सरकतं. अशा वेळी उठवताना हाताला धरून ओढलं, की महिनोन्महिने न जाणारं दुखणं मागे लागतं. हात बाजूने वर नेताना तळहात वरच्या दिशेला ठेवा, दुखायला लागलं की तिथेच थांबा. बसलेलं असताना कोपराखाली उशी द्या. रात्री बोटं आत वळत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून तळहाताला आधार देणारी कडक पट्टी (स्प्लिंट) बनवून घ्या, नाहीतर सांधे तसेच आखडतात.

उठवण्याची रीत अशी. खुर्ची नीट टेकलेली, आणि बसायची जागा गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. नेहमीच्या खुर्चीच्या पायांखाली १० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे पक्के बसवले तरी फार फरक पडतो. कमरेला रुंद, न घसरणारा पट्टा बांधा. माणसाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे आणा, पावलं मागे, गुडघ्यांच्या किंचित आत. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकू द्या आणि 'एक, दोन, तीन' म्हणत पट्ट्याला धरून उठवा. सरळ वर ओढलं तर दोघंही पडतात, कारण वजन मागेच राहिलेलं असतं. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर झोपायची खोली तळमजल्यावर आणण्याचा निर्णय, जिना चढता येतो तोवरच घ्या.

पाऊल लोळायला लागलं की आधी चप्पल पायातून निसटते, मग उंबरठ्याला अंगठा अडतो. चप्पल बंद करा. पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लास्टिकचा आधार, ज्याला एएफओ म्हणतात, मापाने बनवून घ्या आणि बूट एक नंबर मोठा घ्या. पहिल्या दिवशी आत सुती मोजा घालून अर्धा तास वापरा, मग काढून कातडी बघा. लाल वळ २० मिनिटांत गेला नाही तर आधार परत घासून घ्यावा लागतो. पाय कडक होत असेल तर डॉक्टर बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध देतात. मात्र काही जण त्या कडकपणावरच उभे असतात. मात्रा वाढल्यावर पाय एकदम लटपटले, तर ते लगेच डॉक्टरांना सांगा.

हातासाठी महागडं काही लागत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ते काळं फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्याचे तुकडे चमचा, ब्रश, पेन यांवर चढवा. बटणांच्या जागी वेलक्रो लावा. भांडी बाजारातला जड पितळी तांब्या बाजूला ठेवून हलका, दोन कानांचा पेला घ्या. निफाडकडच्या थंडीत बोटं आणखीच ऐकेनाशी होतात. तेव्हा सकाळची कामं करण्याआधी हात कोमट पाण्यात धरा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावं, कारण चटका जाणवला तरी हात चटकन मागे घेता येत नाही.

वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर करा. आजाराआधी ६० किलो असेल आणि ३ किलो उतरलं, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. इथे वजन घटवायचं नसतं. तूप, शेंगदाण्याचं कूट, साय, नाचणीचं सत्त्व घालून खाणं वाढवा. गिळताना ठसका लागत असेल तर मिसळ टाळा: पातळ रस्सा आणि कुरकुरीत शेव एकाच घासात आली की घसा गोंधळतो. अख्खी द्राक्षंही नकोत. अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायचा प्रश्न आलाच, तर फुप्फुसाची क्षमता निम्म्याखाली जाण्याआधी ती बसवणं सुरक्षित असतं.

श्वासाचे स्नायूही वाळतात, पण दिसत नाहीत. उताणं झोपवत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसा डुलकी लागते, वाक्यं तुटक होतात. यातलं एकही दिसलं तर श्वासाची चाचणी करून घ्या. एरवीही ती दर तीन महिन्यांनी व्हावी. डॉक्टरांना न विचारता नुसता ऑक्सिजन लावू नका. श्वास उथळ असताना त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. गरज बहुधा बायपॅपची, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची असते.

रिलुझोल हे या आजारावरचं औषध सुरू असेल तर ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. पहिले तीन महिने दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी चुकवू नका. हे औषध आजाराचा वेग थोडा कमी करतं, गेलेली ताकद परत आणत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मज्जासंस्थेचे जुनाट आजारही येतात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये करून घ्या. बँकेचं खातं संयुक्त करणं, वारस नोंदवणं ही कामंही सही जमते आहे तोवर उरका.