गेमच्या लाईनीत यायचंय, पण घरी पीएस५ नाही आणि लॅपटॉप जुना आहे

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कधी थेट गुहागर. पोरं विचारतात लॅपटॉप कुठला घेऊ, आणि पोरांच्या आया विचारतात यात नोकरी लागते का हो, की नुसता खेळतच बसणार हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. माझं थोडक्यात असं, डिप्लोमा कॉम्प्युटर, मग पुण्यात एका स्टुडिओत टेस्टर म्हणून चिकटलो, तिथून प्रोग्रॅमिंगला गेलो, बरीच वर्षं कन्सोल पोर्टिंगच्या टीममध्ये काढली (कन्सोल म्हणजे प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारखं फक्त गेमचं मशीन, पोर्टिंग म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्यावर चालेल असा करणं) आणि आता मालवणजवळ घरी बसून पीसी-मोबाईलच्या गेमांचं काम करतो. आजूबाजूच्यांना अजून पटलेलं नाहीये, काकी परवाच म्हणाली, "दिसभर गेम खेळतंस आणि काम करतंय म्हणून सांगतंस."

आधी लॅपटॉप. जो घरात आहे तो. मुंबईच्या मामाने दिलेला जुना असेल तर तोही चालेल. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, याला कारण आहे आणि ते पुढे येईलच. गोडो नावाचं इंजिन आहे, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट, ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, म्हणजे त्यात केलेला गेम विकला तरी कोणाला काही द्यावं लागत नाही. ते इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, झिप उघडायची आणि चालू करायचं. जुन्या ग्राफिक्सवाल्या मशीनवर नवीन प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) कुठला ते विचारतं तिथे 'कंपॅटिबिलिटी' निवडा, नाहीतर पहिल्याच दिवशी काळी स्क्रीन बघून तुम्ही सोडून द्याल. अनरियल हे दुसरं इंजिन भारी आहे पण त्याचं डाउनलोडच कित्येक जीबीचं, आणि पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की तुमचा महिना गेला. आणि गिट शिका, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, अगदी पहिल्या आठवड्यात. गिटला नेट लागत नाही, कमिट, म्हणजे ती नोंद, तुमच्याच मशीनवर होतो, नेट आलं की पुश करायचं, म्हणजे वर चढवायचं. लाईट जायच्या भागात राहणाऱ्याला यासारखी दुसरी सोय नाही.

आता जुन्या मशीनचं कारण सांगतो. कन्सोलवर काम करायचं म्हणजे मुळात काय असतं? मशीन ठरलेलं असतं, त्यात रॅम वाढवता येत नाही, कार्ड बदलता येत नाही. पीएस५ मध्ये १६ जीबी मेमरी, एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये १०, निन्टेन्डोच्या पहिल्या स्विचमध्ये फक्त ४, आणि पब्लिशर म्हणतो तोच गेम तिन्हीवर पाहिजे. गेम सेकंदाला साठ फ्रेमवर, म्हणजे साठ चित्रांवर, चालवायचा तर एका फ्रेमला साधारण १६.६ मिलीसेकंद मिळतात, तीसवर चालवला तर ३३.३. त्या १६ मिलीसेकंदात इनपुट वाचायचं, फिजिक्स, शत्रूंचं डोकं, ॲनिमेशन, आवाज आणि सगळं चित्र काढायचं. एकाने दोन मिलीसेकंद जास्त खाल्ले की दुसऱ्याचे कापावे लागतात. पोर्टिंग टीमचं निम्मं आयुष्य हाच हिशोब करण्यात जातं, आणि ज्याने पहिल्यापासून दांडग्या पीसीवर काम केलंय त्याला हा हिशोब कधी करावाच लागलेला नसतो. तुम्हाला पहिल्या दिवसापासून करावा लागणार. इंटरव्ह्यूमध्ये हा फरक लगेच कळतो, मी समोर बसून बघितलाय.

आमच्या पिढीने जो टीव्ही गेम खेळला, ती '९९९९ इन वन'वाली कॅसेट, ते मशीन म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होती. त्यात कामाची रॅम होती २ केबी. केबी, एमबी नाही. मारिओमधले ढग आणि खालची झुडपं नीट बघा कधी, एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. जागाच नव्हती, मग करणार काय.

एक उदाहरण जरा बारकाईने सांगतो. आमच्या वाडीतल्या एका पोराने युनिटी या इंजिनात गेम केला होता, वरून आंबे पडतात, खाली टोपली सरकवायची, कच्चा पकडला तर मार्क जातात. लॅपटॉपवर लोण्यासारखा चालायचा, आईच्या फोनवर टाकला की दर काही सेकंदांनी टचकन अडकायचा. त्याला वाटलं फोन जुना आहे, सोडून दे. आम्ही डेव्हलपमेंट बिल्ड, म्हणजे तपासणीसाठीची प्रत, काढली, फोन यूएसबीने जोडला, कोण किती वेळ आणि मेमरी खातं ते दाखवणारा प्रोफायलर लावला, आणि मेमरीचा आलेख बघितला तर करवतीच्या दातासारखा, चढत चढत जातो आणि एकदम खाली. खाली येतो तिथेच फ्रेम अडकते. म्हणजे गार्बेज कलेक्टर, वापरून झालेली मेमरी साफ करणारा. कोड उघडला तर दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेट नावाच्या भागात स्कोअरची नवीन स्ट्रिंग (दाखवायचा मजकूर) बनत होती, स्कोअर बदलो न बदलो, आणि प्रत्येक आंबा नवीन तयार होऊन जमिनीवर पडला की नष्ट होत होता. तर स्ट्रिंग फक्त स्कोअर बदलल्यावर बनवायची, आणि आंबे सुरुवातीलाच वीसेक बनवून ठेवायचे, पडला की लपवायचा, वर नेऊन परत सोडायचा, पत्रावळ उचलून फेकण्याऐवजी ताट धुऊन पुढच्या पंगतीला घेतात तसं. याला ऑब्जेक्ट पूलिंग म्हणतात. आलेख सपाट झाला, गेम अडकायचा बंद. पोराने पुढे अर्जात गेमच्या स्क्रीनशॉटऐवजी हे आधीचे-नंतरचे दोन आलेख लावले आणि त्याला बोलावणं आलं. गेम तसा साधाच होता, आंबा पण नीट काढला नव्हता त्याने.

टेस्टिंगला नाक मुरडू नका, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. लाईनीत शिरायचा सगळ्यात उघडा दरवाजा तोच आहे. पण टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळणारा माणूस हा समज काढून टाका, तुम्ही एकच लेव्हल, एकच भिंत, तिच्यावर वेगवेगळ्या कोनातून उड्या मारत बसता, आणि सापडलं की लिहिता. लिहिणं हेच खरं काम. 'गेम हँग झाला' हा बग रिपोर्ट नाही. बिल्ड नंबर काय, कुठल्या मशीनवर, नेमक्या पायऱ्या कोणत्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहा वेळा केलं तर किती वेळा होतं. उदाहरणार्थ: दोन कंट्रोलर जोडा, दोन खेळाडूंचा सामना सुरू करा, पहिल्याची बॅटरी काढा, पॉज मेनू येतो, बॅटरी परत घाला, आता पहिला कंट्रोलर दुसऱ्या खेळाडूला हलवतो. दहापैकी दहा वेळा. असा रिपोर्ट वाचून प्रोग्रॅमर तुम्हाला शोधत येतो. इंग्रजीत लिहावा लागतो पण त्याला काही साहित्यिक इंग्रजी लागत नाही, छोटी वाक्यं, क्रमाने. कोकणी माणसाला खुसपट काढायला शिकवावं लागत नाही, फक्त ते क्रमाने लिहायला शिका.

बॅटरीचं उदाहरण मुद्दाम दिलं. कन्सोलवर गेम तयार झाला म्हणून विकता येत नाही, मशीनची कंपनी आधी आपल्या नियमांवर तपासते. त्याची नावं वेगवेगळी, सोनीकडे टीआरसी, मायक्रोसॉफ्टकडे एक्सआर, निन्टेन्डोकडे लॉटचेक. आतल्या याद्या गोपनीयतेच्या करारात असतात, त्यावर मी बोलणार नाही, पण कसल्या गोष्टी असतात ते उघड आहे. कंट्रोलर सुटला तर गेमने काय करायचं, सेव्ह चालू असताना वीज गेली तर फाईल शाबूत राहते का, मशीन झोपवून उठवलं तर गेम जिथे होता तिथे येतो का, बटणांची नावं-चिन्हं त्या त्या मशीनची आहेत का. नापास झालं की दुरुस्त करून परत पाठवायचं, आणि तारीख पुढे. म्हणून तुमच्या छोट्या गेममध्येही हे करून ठेवा. सेव्ह लिहिताना थेट जुन्या फाईलवर लिहू नका, आधी तात्पुरत्या फाईलवर लिहा, पूर्ण झाली की नाव बदला. लाईट गेली तरी निदान जुनी फाईल तरी राहते. इंटरव्ह्यूत एवढं जरी सांगितलंत तरी समोरचा सरसावून बसेल.

डेव्ह किट, म्हणजे कन्सोलचे गेम बनवून तपासायचं खास मशीन, कुठे मिळतं हा पुढचा प्रश्न. दुकानात मिळत नाही. डेव्हलपर म्हणून नोंदणी, मग मंजुरी, मग करार, आणि स्विच तर भारतात निन्टेन्डो अधिकृतपणे विकतच नाही. त्यामुळे कन्सोलवरच काम करायचं असेल तर काही वर्षं पुणे-मुंबई-बंगळूर-हैदराबाद करावंच लागतं, कारण किट ऑफिसात असतात. घरी बसून सगळं होतं असं सांगणाऱ्या रील्सवर विश्वास ठेवू नका. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, 'राजी' हा २०२० चा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियलवर करून स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आणला. म्हणजे आपल्यापासून घाट चढून गेलं की झालं, एवढं जवळ आहे.

कोर्सचं काय, तर शहरात लाखांनी फी घेऊन गेम डिझाईनचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आहेत, जमीन विकून तिथे जाऊ नका. जवळच्या कॉलेजातून डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी आयटी, इंजिनीअरिंग, जे परवडेल ते करा आणि बाजूला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि व्हेक्टरचं गणित पक्कं करा. बारावीला डॉट प्रॉडक्ट घोकलेला असतो, कशाला ते कोणी सांगत नाही. शत्रूचं तोंड ज्या दिशेला आहे तो एक व्हेक्टर, शत्रूपासून तुमच्यापर्यंत दुसरा, डॉट प्रॉडक्ट शून्यापेक्षा जास्त आला तर तुम्ही त्याच्या समोर, कमी आला तर पाठीमागे. चोरून जायच्या गेमचा अर्धा पाया हाच.

बातम्या वाचा, पण नोकरीच्या नजरेने वाचा. नवीन कन्सोल कसा दिसतो यापेक्षा कोण कोणाला विकत घेतंय आणि कोण माणसं काढतंय हे तुमच्या कामाचं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही मोठी गेम कंपनी घेतली, जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधल्या १,९०० जणांना काढलं, फेब्रुवारीत सोनीने प्लेस्टेशनमधले ९०० कमी केले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळायच्या ऑनलाईन गेमांवर बंदीचा कायदा आला, त्या कंपन्यांत चांगल्या पगारावर बसलेले लोक एका झटक्यात बाजारात आले. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे पैसे घेणार म्हणून जाहीर केलं, जगभर बोंबाबोंब झाली, वर्षाने रद्द केलं, तोवर कित्येकांनी इंजिन बदललं होतं. त्यामुळे एकाच इंजिनाशी लग्न लावू नका, आणि आयांना सांगतो, नोकरी लागते, पण सुरुवातीचा पगार आयटीतल्या शेजाऱ्याच्या मुलापेक्षा कमी असू शकतो आणि प्रोजेक्ट बंद पडला तर वर्षभरात दुसरं शोधायची तयारी हवी. सी प्लस प्लस येणाऱ्याला दुसरीकडेही काम मिळतं, म्हणून मी त्याच्यावर एवढा जोर देतो.

मराठीत गेम करायचा असेल तर एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये, म्हणजे स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या भागात, देवनागरी टाकलीत की 'रत्नागिरी'तला जोडाक्षराचा त् पाय मोडून वेगळा उभा राहतो, पहिली वेलांटी ग च्या आधी येण्याऐवजी नंतर येते, आणि 'सिंधुदुर्ग'चा रफार कुठेतरी भलतीकडेच. फॉन्ट बदलून काही होत नाही, अडचण फॉन्टची नाहीच, अक्षरं जुळवायचं काम त्यात होत नाही. गोडो ४ मध्ये ते होतं, मराठी मजकूर जास्त असेल तर तेही एक कारण गोडोचं.

पहिला गेम छापायचा कुठे? इच (itch.io) या साईटवर फुकट. स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाईन दुकानाला प्रत्येक गेममागे १०० डॉलर, गूगल प्लेला एकदाच २५, ॲपलला दर वर्षी ९९, म्हणून ॲपल सध्या विसरा. प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी सोडण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले असावे लागतात. शहरातली पोरं यासाठी अनोळखी ग्रुपांत फिरतात, एकमेकांचे टेस्टर होतात आणि तिसऱ्या दिवशी टेस्टिंगमधून बाहेर पडतात, बारापेक्षा कमी उरले की मोजणी परत पहिल्यापासून. आपल्याकडे गणपती आहेत. चाकरमानी आले की आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता एकेकाचा फोन हातात घ्या, त्याच्या मेलवरून टेस्टर म्हणून जोडा, गेम टाका आणि १४ दिवस काढू नको म्हणून दम द्या. बारा नको, वीस जण जोडा, कारण दोघं-तिघं फोनमधली जागा संपली म्हणून काढतातच. वर प्रत्येकाचा फोन वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या किमतीचा, मामाचा चार वर्षं जुना, आत्येभावाचा नवाकोरा. कोणाच्या फोनवर किती रॅम होती आणि गेम कुठे अडकला ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, मुंबईला परत गेल्यावर कोणी फोन उचलत नाही.