पंपाची दोरी हाताला झटका देते? या चुका टाळा

पहिला मोठा पाऊस पडला की हिंदमाता-परळकडच्या सोसायट्यांमधून ठरलेली तक्रार येते. पाणी उपसायचा पंप सुरू होत नाही, दोरी जड लागते, जोर लावला तर उलटा झटका बसतो. मग प्लग बदलतात, कार्बोरेटर धुतात, दोरीचा स्टार्टरसुद्धा नवा आणतात. झाकण उघडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, आणि त्याची फट कोणी बघत नाही.

सुरू करताना कॉम्प्रेशन थोडं सुटावं म्हणून बऱ्याच छोट्या इंजिनांच्या कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, एक बारीकशी सोय असते. ती व्हॉल्व्ह केसभर उचलून धरते. टॅपेटची फट वाढली की ही उचल फटीतच जिरते आणि सगळं कॉम्प्रेशन मनगटावर येतं. होंडाच्या जीएक्स १६० ला फट लागते इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर, तीही इंजिन थंड असताना. गरम इंजिनवर लावलेलं माप चुकतंच. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक ओव्हरहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर असलेल्या) इंजिनांत पिस्टन वर आल्यावर साधारण ६ मिलिमीटर खाली नेऊन मग फट मोजायची असते, नाहीतर ती सोयच व्हॉल्व्ह उचलून धरते.

जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाला हा हिशेब लावू नका. हेड सपाट, त्यावर नुसता प्लग, वर झाकण नाही, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला आहेत. बहुतेकांत फट कमी-जास्त करायला स्क्रूच नसतो. फट कमी झाली तर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासावं लागतं. आधी घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घोळवा, मग मोजा, मग घासा. घोळवल्यावर व्हॉल्व्ह खाली बसतो आणि फट आणखी कमी होते. हा क्रम चुकवून जास्त घासलेले व्हॉल्व्ह मी पाहिलेत. घासलेलं परत येत नाही. नवा पंप घ्यायचा तर ओव्हरहेडच घ्या, तेवढ्याच कामाला पेट्रोल कमी लागतं. पण चालतं जुनं इंजिन केवळ जुनं म्हणून भंगारात देऊ नका, त्यात वाकायला पुशरॉड (वरच्या व्हॉल्व्हपर्यंत कॅमचा धक्का नेणारी लांब काडी) नसतो.

गवत कापायच्या मशीनची गोष्ट वेगळी. टू-स्ट्रोकमध्ये टॅपेट नसतातच. माळी मात्र त्याच डब्यातलं ऑइल घातलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोकमध्येही ओततात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर कार्बन चढतो. होंडाच्या जीएक्स ३५ मध्ये १०० मिलिलिटर ऑइल वेगळं भरायचं असतं, टाकीत साधं पेट्रोल.

पाऊस सरल्यावर पेट्रोल टाकीत तसंच ठेवलं की पुढच्या जूनपर्यंत त्याचा चिकटा होतो. व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) अडकतो, दोरी ओढताच पुशरॉड वाकतो. ऑक्टोबरमध्ये टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. मग दोरी हळू ओढा, जड लागली की तिथेच थांबा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, मुंबईची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.