घरी पद्मिनी उभी करताय? बोनेटखालच्या या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या आणि जन्मभर तिच्या स्टिअरिंगवरच्या गिअरला शिव्या घालणाऱ्यांनाही एकदम गहिवरून आलं. मग कुणी काकांची पडून असलेली गाडी ओढून आणली, कुणी गावाकडची. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये, स्टिल्ट पार्किंगच्या खांबाआड, ताडपत्रीखाली अशा गाड्या दिसायला लागल्या. हौस चांगली आहे. गाडीही सोपी आहे: १०८९ सीसीचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर, बोनेट उघडलं की सगळीकडे हात पोचतो. पण सोपी आहे म्हणूनच लोक बेफिकीर होतात आणि पुन्हा पुन्हा त्याच चुका माझ्यापर्यंत येतात.

सगळ्यात लाडकी चूक अर्थिंगची. इंजिन खाली उतरवायचं, बोनेटखालचा सगळा पत्रा घासायचा, आरशासारखा रंग मारायचा, फोटो काढायचे. मग त्या चकचकीत रंगावरच अर्थची, म्हणजे इंजिन बॉडीला जोडून करंट परत नेणारी पट्टी बसवायची. रंगातून करंट जात नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. पण नवीन रंग खरवडायला जीव होत नाही.

कोलशेतच्या एका मुलाचं असंच झालं. मुलगा हुशार, आयटीत नोकरी, शनिवार-रविवार गाडीवर. इंजिन बसवलं आणि सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, नुसता कण्हायला लागला. गॅरेजवाला म्हणाला बॅटरी गेली, नवी घेतली. मग म्हणाला सेल्फ गेला. तो खोलून वाइंडिंग करून आणला. तरी तेच. शेवटी फोन आला, "काका, चोकच्या वायरमधून धूर येतोय!" म्हटलं, हात लावू नकोस, आधी बॅटरीची तार काढ.

झालं होतं असं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून ते तुटलेलंच असतं. सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या वर करंट घेतो आणि तो बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायला एक जाड विणलेली तांब्याची पट्टी दिलेली असते. या पठ्ठ्याने ती पट्टी घासूनपुसून लावली होती, पण दोन्ही टोकांखाली रंगाचे दोन-तीन हात. करंटने मग मिळेल ती वाट धरली: कार्बोरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली चोकची (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या खटक्याची) बारीक वायर. ती तापून लाल व्हायच्या बेतात होती, आणि हाताच्या अंतरावर पेट्रोलची नळी.

पॉलिश पेपरने दोन्ही जागा पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासल्या, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळले, वरून पेट्रोलियम जेली फासली. सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. बॅटरी आणि वाइंडिंगचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

माझी सवय अशी: रंगाआधीच अर्थच्या जागांवर मास्किंग टेप चिकटवतो. इंजिन बसल्यावर ते सुरू होऊ नये म्हणून कॉइलची तार काढतो, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारायला सांगतो. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कच्चा. मीटर नसेल तर जंपर केबल ब्लॉकवरून थेट निगेटिव्हला लावा. सेल्फ सुधारला तर दुखणं कळलं. नव्या बॅटरीच्या दुकानात जायच्या आधी एवढं करा.

रंगाचा विषय निघालाच आहे तर प्रायमरचंही सांगतो. मे महिन्यात पत्रा घासून राखाडी प्रायमर मारायचा आणि "रंग गणपतीनंतर बघू" म्हणायचं, ही खास आपल्याकडची चूक. तो साधा प्रायमर ओल पितो. ठाण्याची खाडी आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, दोन्ही त्याला मुबलक पाजतात. गणपतीनंतर रंग मारता तेव्हा खाली गंज आधीच बसलेला असतो आणि वर्षभरात फोड येतात. पाऊस मध्ये येणार असेल तर इपॉक्सी प्रायमर मारा, नाहीतर पत्रा घासूच नका, जुना रंग राहू द्या. आणि गंजावर लांबी (पुट्टी) भरून त्याला रिस्टोरेशन म्हणू नका.

दुसरी मोठी चूक, इंजिन परत चढवायची घाई. चेन पुली भाड्याने आणलेली असते, मित्र जमलेले असतात, वडापाव आलेले असतात, मग कुणाला थांबवत नाही. पण इंजिन बाहेर असतानाच जी कामं होतात ती नंतर चौपट महाग पडतात. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला, जुनी चांगली दिसली तरी. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाची ऑइल गळती बघा. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या, म्हणजे कोअर प्लग, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वर्षानुवर्षं नळाचं पाणी प्यायलेल्या इंजिनात त्या आतून कागदाएवढ्या झालेल्या असतात. फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) वायरिंग आणि ब्रेकचे पाइप आधी, इंजिन शेवटी.

वायरिंग काढताना फोटो आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याला राहत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकणारे मेकॅनिक मला अजिबात सहन होत नाहीत. "आपल्या हवेत लागत नाही साहेब." लागतो. तो नसेल तर इंजिन वेळेत तापत नाही, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, जादाचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं ते वेगळंच. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटर तुंबल्यामुळे. तो खोलून साफ करून घ्या. थर्मोस्टॅट गॅसवर पातेल्यात ठेवा. पाणी उकळायच्या आत उघडला तर ठीक, नाहीतर नवा. पातेलं घरात कुणाला विचारून घ्या.

पेट्रोलची नळी जुनी ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, पंपाचा पडदाही जातो. इथेनॉल चालणारी नळीच मागा, आणि एक्झॉस्टपासून लांबून न्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी लावून "पेट्रोल येतंय ते दिसतं" म्हणणाऱ्यांच्या गाडीत मी बसत नाही.

बाकी भराभर. घरातल्या बोर्डाची वायर गाडीत नको. ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं. हेडचे बोल्ट आवळताना मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. कार्बोरेटर काढला की इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबा. जॅकने उचललेल्या गाडीखाली सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते न सांगता फुटतात. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, विकत घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन थेट सेल्फवर घेऊ नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्ट शोधायला जाताना जुना पार्ट पिशवीत घेऊन जा. "पद्मिनीचाच आहे" हे तिथे सगळ्याच पार्टबद्दल सांगतात.

आणि जुनं इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. आरसीवर नोंद असलेल्या गाडीत परस्पर असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसतील तरच. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये.

काढलेलं ऑइल सोसायटीच्या गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, ते विकलं जातं. सेक्रेटरीला आधीच तुमची ताडपत्री खुपत असते.