स्कीमॅटिकमध्ये एकापेक्षा जास्त पॉवर सप्लाय वापरताना या चुका टाळा

एकाच बोर्डावर 12 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि 3.3 व्होल्ट असे तीन सप्लाय आले की स्कीमॅटिकमधील (सर्किटच्या आकृतीतील) बहुतेक चुका नावांतून उद्भवतात. सिग्नलची वायर एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत ओढलेली असते, त्यामुळे ती तुटली तर दिसते. पॉवर सिम्बॉल (सप्लाय दाखवणाऱ्या खुणा) मात्र केवळ नावाने जोडले जातात आणि एकाच नावाचे सिम्बॉल कोणत्याही शीटवर असले तरी सॉफ्टवेअर ते एकच नेट (एकमेकांना जोडलेल्या पिनांचा गट) मानते.

किकॅड या सर्किट-डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ‘+3V3’ आणि ‘+3.3V’ असे दोन्ही सिम्बॉल आहेत. रेग्युलेटरच्या आउटपुटला पहिला आणि दुसऱ्या शीटवरील मायक्रोकंट्रोलरला दुसरा लावला, तर वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, परंतु नेट दोन तयार होतात आणि मायक्रोकंट्रोलरला वीजच पोहोचत नाही. ईआरसी (जोडण्यांची विद्युत नियमांनुसार आपोआप होणारी तपासणी) चालवल्यावर ‘पॉवर इनपुट पिनला कोणताही पॉवर आउटपुट जोडलेला नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते. येथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते: त्रुटी घालवण्यासाठी घाईने त्या नेटवर पॉवर फ्लॅग ठेवला जातो, तक्रार बंद होते आणि तुटलेली जोडणी तशीच पुढे बोर्डावर जाते. पॉवर फ्लॅग हा ‘या नेटला खरोखर वीज येते’ असा आपण सॉफ्टवेअरला दिलेला शब्द आहे. तो कनेक्टरमधून किंवा फ्यूजच्या पलीकडून येणाऱ्या सप्लायवरच द्यावा आणि देण्यापूर्वी त्या नेटचा उगम बोटाने दाखवता आला पाहिजे.

याच्या उलट, एकाच वायरला वेगवेगळ्या नावांचे दोन पॉवर सिम्बॉल लागले की दोन नेट एक होतात. ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड एका बिंदूवर जोडताना नेट टाय (दोन नेटची नावे वेगळी ठेवून त्यांना जोडणारा घटक) वापरावा. साध्या वायरने जोडल्यास दोन नावांपैकी एकच उरते आणि लेआउटमध्ये (बोर्डावरील प्रत्यक्ष मांडणीत) ते वेगळे ठेवता येत नाहीत.

जुन्या लॉजिक आयसींच्या काही सिम्बॉलमध्ये पॉवर पिन लपवलेल्या असतात. अशा सिम्बॉलमध्ये 7400 या आयसीची 14 क्रमांकाची लपलेली पिन ‘VCC’ या नावाच्या नेटला आपोआप जोडली जाते, मग आपण 5 व्होल्टच्या नेटला ‘+5V’ नाव दिलेले असले तरीही. अशा पिन दृश्य करून हाताने जोडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

एलएम324 या आयसीतील चारही ऑप-ॲम्प (ॲम्प्लिफायर) मांडले, पण पॉवरचा पाचवा भाग शीटवर ठेवायचाच राहिला, हेही वारंवार घडते. मग पिन 4 आणि 11 मोकळ्या राहतात.

लेआउटला जाण्यापूर्वी प्रत्येक सप्लायचे नेट हायलाइट करून त्यावरील पिन डेटाशीटशी ताडून पाहाव्यात. 32 पिनांच्या टीक्यूएफपी पॅकेजमधील एटीमेगा328पी हा मायक्रोकंट्रोलर घेतला, तर पिन 4 आणि 6 वरील व्हीसीसीबरोबर पिन 18 वरील एव्हीसीसीलाही (ॲनालॉग भागाच्या सप्लाय पिनलाही) सप्लाय मिळायला हवा, एडीसी (ॲनालॉग सिग्नल अंकांत बदलणारा भाग) वापरायचा नसला तरी.