रक्तात स्टॅफ आला, आता कोणतं अँटिबायोटिक?

रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायची तपासणी) स्टॅफ ऑरियस हा जंतू आला की आमच्या वॉर्डातले नवे रेसिडेंट व्हॅन्कोमायसिन लावून मोकळे होतात. सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल, तो रिपोर्ट) येईपर्यंत ठीक. पण जंतू एमएसएसए (मेथिसिलिन गटाच्या औषधांना दाद देणारा स्टॅफ) निघाला, तर त्याच दिवशी सेफाझोलिनवर या (मेंदूत संसर्ग नसेल तर). तिथे व्हॅन्को कमीच पडतं. 'भारी औषध आहे, चालू द्या' हे राउंडला मला सांगू नका.

एमआरएसएला (त्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ) व्हॅन्कोच, पण पेशंटचं वजन करून: पहिला डोस किलोला 25 ते 30 मिलिग्रॅम, सावकाश. घाईत सोडलं की मान-चेहरा लालबुंद होतो, खाज सुटते. क्रिएटिनिन चढलं (किडनीवर ताण आल्याची खूण) तर डॅप्टोमायसिन, दर आठवड्याला सीपीके (स्नायूंना इजा दाखवणारी रक्ततपासणी) बघत. न्यूमोनियात मात्र ते नको, फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट (हवेच्या पिशव्यांवरचा पातळ थर) त्याला निकामी करतं. तिथे लिनेझोलिड, 2 आठवड्यांपुढे गेलात तर प्लेटलेट घसरू शकतात. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा; लिनेझोलिडबरोबर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

आणि हो, आधी सलाईनची जागा दाबून पाहा. पू असेल तर काढा, जुनी सेंट्रल लाइनही (मोठ्या शिरेतली नळी) काढा. हृदयाची इको करा. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवा. अँटिबायोटिकचे किमान 14 दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्हपासून. व्हॉल्व्हवर काही दिसलं तर 6 आठवड्यांची तयारी ठेवा, आणि नातेवाइकांना खर्च आजच सांगा.