डॉग शोला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा, बऱ्याचशा घरीच होतात

आपल्याकडे डॉग शोचा सीझन म्हणजे साधारण थंडीचा, ऑक्टोबरनंतर हवा जरा बरी झाली की एकेका शहरातले क्लब शो लावायला लागतात (उटीचा शो मे महिन्यात होतो, पण तिथली हवाच वेगळी). आणि दर सीझनला नवीन लोक येतात, हौसेने येतात, कुत्र्याला छान आंघोळ घालून आणतात, आणि रिंगमध्ये (जज कुत्री तपासतो त्या आखलेल्या जागेत) जायच्या आधीच हिरमुसून परत जातात. फार वाईट वाटतं बघून. कारण त्या दिवशी जे बिघडतं ना, ते बहुतेक वेळा महिना-दोन महिने आधीच बिघडलेलं असतं. कधी कागदात, कधी सवयीत.

कागदांपासून सुरू करू, कारण निम्मी रड इथलीच असते

केनेल क्लब ऑफ इंडिया म्हणजे आपण ज्याला केसीआय म्हणतो, त्याचं मुख्य ऑफिस चेन्नईला. पुण्यातलं पूना केनेल कॉन्फेडरेशन किंवा इतर शहरांतले क्लब केसीआयच्या नियमांखाली शो घेतात. तर केसीआयच्या शोला तुमच्या कुत्र्याची केसीआयकडे नोंदणी लागते, दुसऱ्या कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट कितीही चकचकीत असलं तरी इथे चालत नाही. हे पपी घेतानाच विचारायचं असतं. "पेपरवाला आहे का" एवढं विचारून भागत नाही, कुणाचा पेपर ते विचारा.

आता सगळ्यात कॉमन चूक. ब्रीडर म्हणतो पपी घेऊन जा, पेपर मागाहून पाठवतो. आणि माणूस विश्वास ठेवतो. मग सहा महिने फोन, मग ब्रीडर फोन उचलत नाही, मग लोक विचारतात की मी स्वतः केसीआयला अर्ज केला तर पेपर मिळेल का. नाही मिळत हो, कारण पिल्लांची नोंदणी आधी ब्रीडरने करायची असते, संपूर्ण लिटरची म्हणजे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची, आईबाप दोघं रजिस्टर असतील तरच, आणि मग प्रत्येक पिल्लाचा पेपर निघतो, आणि मग तो तुमच्या नावावर ट्रान्सफर होतो, त्यावर ब्रीडरची सही लागते. म्हणजे साखळीतली पहिली कडीच त्याच्या हातात. म्हणून पैसे पूर्ण द्यायच्या आधी आईबापाचे रजिस्ट्रेशन नंबर लिहून घ्या, लिटरची नोंद झालीये का ते बघा, आणि ट्रान्सफरच्या कागदावर तिथेच सही घ्या. नंतर करू म्हटलं की ते राहतंच.

आणि ज्यांच्याकडे पेपर नाहीच त्यांच्यासाठी रस्ता पूर्ण बंद नाहीये. आईबाप रजिस्टर नसलेल्या कुत्र्याची शोमध्ये जजकडून तपासणी करून घेता येते. त्या जातीच्या स्टँडर्डमध्ये (ती जात कशी असावी याच्या ठरलेल्या वर्णनात) तो बसतो असं जजला वाटलं तर त्याची नोंद होऊ शकते, फक्त वंशावळीची जागा रिकामी राहते. कधी आणि कुठे तपासणी आहे ते शो लावणाऱ्या क्लबला आधी फोन करून विचारा, त्या दिवशी सकाळी जाऊन भांडू नका, बिचाऱ्या स्वयंसेवकांच्या हातात काही नसतं.

मायक्रोचिपचं (कुत्र्याच्या कातडीखाली टाकतात ती ओळखीची चिप) पण तसंच. चिपचा नंबर १५ आकडी असतो आणि एक आकडा फॉर्मवर चुकला की तुमचा कुत्रा कागदावर दुसराच कुत्रा होतो. एन्ट्री भरायच्या आधी व्हेटकडे जाऊन एकदा स्कॅन करून घ्या आणि तो नंबर सर्टिफिकेटशी जुळवा. स्कॅनरला चिप सापडली नाही तर लगेच घाबरू नका, चिप दोन खांद्यांच्या मधे टाकतात पण कधी कधी सरकते, खांद्यावरून छातीपर्यंत हळूहळू स्कॅनर फिरवायला सांगा.

एन्ट्री शोच्या दिवशी मिळेल असं गृहीत धरू नका. कॅटलॉग छापायचा असतो म्हणून एन्ट्री बऱ्याच आधी बंद होतात. क्लास निवडताना वय शोच्या तारखेला किती होतंय ते मोजा, फॉर्म भरताना किती आहे ते नाही. मायनर पपी क्लास ४ ते ६ महिन्यांचा असतो, आणि फॉर्म भरताना पाच महिन्यांचं असलेलं पिल्लू शोपर्यंत सहाच्या पुढे गेलेलं असतं.

कुत्रा नक्की कोणत्या जातीचा आहे?

हे जरा नाजूक आहे, पण बोलायलाच हवं. आपल्या घराघरात ज्याला आपण पॉम म्हणतो, ते पांढरंशुभ्र, टोकदार तोंडाचं, दिवसभर दारावर राखण करणारं कुत्रं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डमधला पॉमेरेनियन खांद्याला जेमतेम २१ सेंटिमीटर, तीन इकडे तीन तिकडे. तुमचा दीड फुटाचा असेल तर तो पॉमेरेनियन म्हणून रिंगमध्ये उभा राहू शकत नाही. तो गुणी आहे, प्रेमळ आहे, आपल्या हवेत छान टिकतो, त्याच्यात कमी काहीच नाही, फक्त एन्ट्री चुकीची आहे.

लॅबच्या बाबतीत "डबल कोट, हेवी बोन" सांगून जास्त पैसे घेतात. अहो, स्टँडर्डप्रमाणे प्रत्येक लॅबला डबल कोट म्हणजे केसांचे दोन थर असायलाच हवेत, त्याचे वेगळे पैसे कशाला? रंग तीनच, काळा, पिवळा (फिक्या क्रीमपासून तांबूसपर्यंत सगळं यात येतं) आणि चॉकलेट. सिल्व्हर, चारकोल वगैरे सांगून कुणी विकत असेल तर शोच्या दृष्टीने घेऊ नका. जर्मन शेफर्डमध्ये पांढरा चालत नाही, पण लांब केसांचा २०१० पासून वेगळी व्हरायटी म्हणून चालतो, त्यामुळे आपला लाँग कोट आहे म्हणून नाराज व्हायचं कारण नाही.

नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का हे पपी असतानाच व्हेटला तपासायला सांगा. जज हात लावून बघतोच. नसबंदी केलेला कुत्राही या रिंगमध्ये चालत नाही, त्याच्यासाठी ओबीडियन्स (आज्ञापालनाची स्पर्धा) वगैरे काय आहे ते क्लबला विचारा. आणि कृपा करून शोसाठी म्हणून शेपूट किंवा कान कापू नका. एफसीआयचं स्टँडर्ड रॉटवायलरची शेपूट नैसर्गिक मागतं, डोबरमनचे कान आणि शेपूट दोन्ही नैसर्गिक मागतं. अजूनही लोक चार दिवसांच्या पिल्लाची शेपूट कुणाकडून तरी छाटून आणतात, भूल नाही काही नाही, हे ऐकलं की जीव तुटतो.

कारवान हाउंडवाल्यांना (म्हणजे ज्याला मुधोळ हाउंडही म्हणतात त्या देशी शिकारी कुत्र्याच्या मालकांना) एक वेगळं सांगायचंय. सांगली, सोलापूर, जत भागात पिढ्यानपिढ्या ही कुत्री सांभाळणारी माणसं आहेत, कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती नावारूपाला आणली, २००५ मध्ये मुधोळ हाउंडचं पोस्टाचं तिकीटही निघालं. पण केसीआयच्या फॉर्मवर जात कारवान हाउंड अशी लिहायची, मुधोळ लिहून फॉर्म अडकवून घेऊ नका. आणि या कुत्र्याला परक्याचा हात आवडत नाही, तो त्याचा स्वभावच आहे, म्हणून खालची तयारी यांच्यासाठी दुप्पट लवकर सुरू करा. शेतावर मोकळा वाढलेला कुत्रा एकदम माईकच्या आवाजात आणि दोनशे कुत्र्यांत आणून उभा केला तर तो बिथरणारच, त्याच्यावर ओरडून काय उपयोग.

रिंगमध्ये काय अडतं आणि काय करायचं

*दात दाखवत नाही.* जज दात बघतोच, मोठ्या कुत्र्याला ४२ आणि पिल्लाला २८ दुधाचे. मालक दोन दिवस आधी जबडा धरून उघडायला जातो आणि कुत्रा कायमचा धास्तावतो. जबडा उघडायचा नाहीच मुळी, फक्त ओठ वर करायचा, एक सेकंद, सोडायचा, खाऊ द्यायचा, रोज. मग घरातल्या दुसऱ्याने करायचं, मग शेजारच्या काकांनी, मग अगदी अनोळखी माणसाने. आणि पिल्लू ४ ते ७ महिन्यांचं असेल तर दात पडत असतात, हिरड्या दुखतात, तेव्हा दुखतंय असं दिसलं की आठवडाभर थांबा.

*दुडकी चाल न चालता डुलत चालतो.* एका बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदम टाकतो, याला पेसिंग म्हणतात. थकलेला कुत्रा किंवा खूप हळू चालवलेला कुत्रा असं करतो. उपाय सोपा, एक छोटं वळण घ्या आणि वळणातून बाहेर पडताना थोडा वेग वाढवा, बहुतेक कुत्रे लगेच ट्रॉटवर म्हणजे दुडक्या चालीवर येतात. घरी कुणाला तरी मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, चालवणाऱ्याला स्वतःला हे कळतच नाही.

*लीड (कुत्रा धरायची दोरी) ताणून मान वर लटकवतात.* पुढचे पाय अर्धवट हवेत, चाल पूर्ण बिघडते, कुत्र्यालाही त्रास. कुत्रा डाव्या हाताला, लीड सैल, जज आणि कुत्रा यांच्या मधे तुम्ही यायचं नाही. सरळ जाऊन परत येणं, त्रिकोण आणि गोल, एवढंच करायचं असतं, पण ते गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये रोज दहा मिनिटं झालेलं हवं. नखं वाढलेली असली तर पंजा पसरतो आणि चालही बिघडते, महिनाभर आधीपासून थोडी थोडी कापा, आदल्या दिवशी एकदम कापून रक्त काढू नका.

*शोच्या सकाळी जुलाब.* नवीन बिस्किटं, हॉटेलची बिर्याणी, वेगळं पाणी. घरचंच खाणं आणि घरचंच पाणी न्या, रिंगमध्ये दाखवायचा खाऊही आधी घरी देऊन बघितलेला असू दे.

ऊन आणि आजार, इथे मात्र चूक परवडत नाही

थंडीतसुद्धा आपल्याकडे दुपारी मैदान तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं, ४० च्या वर गेलं की धोका सुरू. पग, बुलडॉग, शित्झू यांची नाकं आखूड, त्यांना धापा टाकून थंड होणं जमत नाही, त्यांना सर्वात आधी त्रास होतो. बंद गाडीत पाच मिनिटं पण ठेवू नका, काच थोडी खाली असली तरी नाही. जोरात धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं यातलं काही दिसलं की शो विसरा, सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि मग शोच्या व्हेटकडे पळा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, श्वासात जातं.

लसींबद्दल, पिल्लाचा पार्व्हो-डिस्टेंपरचा कोर्स १६ आठवड्यांपर्यंत चालतो आणि लसीचा असर यायला दिवस जातात. चार महिने पूर्ण झाले म्हणून मायनर पपीत घालायची घाई करणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते, शेवटच्या डोसनंतर निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. एक शो हुकला तर पुढचा येतो. रेबीजचं सर्टिफिकेट सोबत ठेवाच. आणि खोकणारा कुत्रा आणू नका, तुमच्यासाठी तो साधा खोकला असेल, शेजारच्या बेंचवर कुणाचं तरी चार महिन्यांचं पिल्लू असतं.

घरी आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या मधे गोचिड्या बघा, आपल्याकडे टिक फीव्हर भरपूर आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, ताप आला तर व्हेटला शोला जाऊन आलोय हे आवर्जून सांगा आणि रक्त तपासून घ्या. घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर त्याला काही दिवस वेगळं ठेवा, कपडे बदला, हात धुवा.

निकाल मनासारखा नाही लागला तर रिंगच्या दोरीपाशी जजशी वाद घालू नका. सगळं जजिंग संपू द्या, मग स्टीवर्डला (रिंगमधल्या जजच्या मदतनीसाला) विचारून जजकडे जा आणि नीट विचारा की याच्यात काय कमी वाटलं. बहुतेक जज मनापासून सांगतात, वजन जास्त आहे, मागचे पाय कमजोर आहेत, अजून सहा महिने वाढू दे. ते तिथेच लिहून ठेवा. वजन जास्त असं सांगितलं असेल (लॅबवाल्यांना फार वेळा सांगतात) तर पुढच्या शोची एन्ट्री भरायच्या आधी व्हेटकडे काट्यावर उभं करा, बरगड्या हाताला लागतायत का बघा, आणि नसतील लागत तर ती एन्ट्री पुढे ढकला.